ड्रेसिंगच्या वेळी मी काय बोललो

"हे मांडीचं केसतूड नाही," डॉक्टर म्हणाले. "मांडी तर चांगली आहे. तुम्ही सगळ्यांना मांडी कशाला सांगत बसलात?"

परभणीच्या एका दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर मी आडवा होतो. अंगात एकशे तीन ताप, बाहेर एप्रिलचं ऊन आणि पँट गुडघ्यापर्यंत खाली. डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि एक इंग्रजी नाव सांगितलं, फोर्निअर्स गँगरीन. मग मला समजेल अशा भाषेत तेच पुन्हा सांगितलं. अंडकोषाच्या पिशवीला आणि तिथून मागं संडासच्या जागेपर्यंत जंतूंची लागण झाली आहे. कातडीखालचं मांस मरायला लागलं आहे. शुगर वाढलेल्या माणसाला हा आजार जास्त गाठतो आणि तो तासातासाला पसरतो. मेलेला भाग आजच कापून काढायचा. त्या ऑपरेशनला डिब्राइडमेंट म्हणतात.

"उद्या केलं तर चालंल का?" मी विचारलं. त्या दिवशी दुपारी माझी ड्यूटी होती.

"उद्या तुम्ही असाल की नाही ते मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

मी जिंतूर डेपोचा कंडक्टर. वय चोपन्न. सव्वीस वर्षं नोकरी झाली, त्यातली निम्मी जिंतूर-परभणी मार्गावर. लोक मला आप्पा म्हणतात. आप्पाच्या तोंडाला कुलूप नाही हे बोरीच्या आणि झरीच्या पॅसेंजरांनाही ठाऊक आहे. असा हा बोलका माणूस नऊ दिवस एक गाठ लपवून हिंडला, त्याची ही हकीकत. लिहायला लाज वाटते. पण माझ्यासारखंच दुखणं घेऊन आत्ता कुणीतरी कुठंतरी अवघडून उभं असेल, त्याच्यासाठी लिहितो.

सुरुवात अगदी किरकोळ होती. अंडकोषाच्या मागं एक पुळी आली. उन्हाळा, दिवसभर घाम, त्यात उभ्यानं नोकरी, तेव्हा पुळी येणारच असं मी धरून चाललो. तिसऱ्या दिवशी बसलं की दुखायला लागलं. पाचव्या दिवशी उभं राहिलं तरी ओढ लागायला लागली. मेडिकलवाल्याला मी सांगितलं, मांडीला केसतूड आलंय, मलम द्या. जिंतुरातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही मांडीच सांगितली. ते म्हणाले दाखवा, मी म्हणालो गाडीची वेळ झाली, गोळ्या द्या. त्यांचा यात काही दोष नाही. शुगरच्या गोळ्याही मी आठवण झाली तरच घेत होतो, तेही त्यांना सांगितलं नाही.

घरी मी आणखी वेगळं सांगितलं. महानंदा, म्हणजे आमची बायको, तिनं विचारलं की असं वाकडं कामून चालायलाव. मी म्हणालो उसण भरलीय. ती बिचारी चार दिवस रोज माझ्या कमरेला बाम चोळत होती. मी पालथा पडून चोळून घेत होतो. नवव्या दिवशी ताप चढला, तेव्हा कुठं परभणीचा दवाखाना गाठला.

आमच्याकडं त्या जागेला नाव नाही. म्हणजे शिवी देताना आहे, डॉक्टरच्या पुस्तकात आहे, पण घरात उच्चारता येईल असं नाही. खाली, तिकडं, जागेवर, एवढ्यावर भागवायचं.

ऑपरेशन त्याच दुपारी झालं. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं अंग बधिर केलं. शुद्धीवरच होतो. हिरव्या कापडाच्या पलीकडं काय चाललंय ते दिसत नव्हतं, कात्रीचा आवाज तेवढा येत होता. मी डोक्यात थांबे म्हणत राहिलो. जिंतूर, बोरी, झरी, परभणी. परत परभणी, झरी, बोरी. अशा किती फेऱ्या मारल्या कोण जाणे.

वॉर्डात आणलं तेव्हा लघवीसाठी नळी घातलेली होती. तिला कॅथेटर म्हणतात. लघवी नळीतून पिशवीत जाते आणि जखम कोरडी राहते. दोन्ही हातांना सुया, दोन पायांच्या मध्ये उशी, कुशीवर वळायचं नाही. ज्या माणसानं आयुष्यात दोन तास एका जागी बूड टेकलं नाही त्याला हे सांगणं म्हणजे शिक्षाच. पायाची बोटं हलवत राहायचो. पंखा बघायचा, सलाईनचे थेंब बघायचे, परत पंखा. दार वाजलं की मान वर. शेजारच्या पलंगावर राणीसावरगावचे नामदेवराव होते, पायाची जखम चिघळलेले. ते म्हणाले, "आप्पा, जरा थिर ऱ्हावा की. तुमच्याकडं बघून मलाच दम लागायलाय."

जखमेचं ड्रेसिंग दिवसातून दोनदा, सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला. मेलेला भाग काढल्यावर जखम शिवत नाहीत, उघडी ठेवतात. रोज जुनं गॉज काढायचं, सलाईनच्या पाण्यानं धुवायचं, पुन्हा ओलं गॉज भरायचं. पडदा ओढला जातो, चादर वर केली जाते आणि एक परकी बाई तुमच्या पायांमध्ये उभी राहते. मला आधी कुणी हे सांगितलं नव्हतं. सांगून तरी काय झालं असतं म्हणा.

सकाळच्या पाळीला रेखा सिस्टर असायच्या. चाळिशीच्या, आवाज हळू, हात मात्र भराभर चालणारा. बिल्ल्यावर नुसतं रेखा लिहिलेलं. पहिल्या दिवशी त्यांनी चादर वर केली आणि मला काहीतरी बोलणं भाग वाटलं. मी विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"

"वालूर."

"वालूरचे कोण? आडनाव काय?"

आमच्या भागात आडनाव कशासाठी विचारतात ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. मी लिंगायत, गळ्यात इष्टलिंग घालणाऱ्या घरातला. आमच्या आईच्या वेळी पाण्याला कुणी शिवायचं, कुणी नाही, याचे नियम होते. ते मी कधीच मागं टाकले असं मला वाटत होतं. आणि माझी घाण धुणाऱ्या बाईला मी पहिला प्रश्न तोच विचारला.

"आधी गॉज निघू द्या काका," त्या म्हणाल्या. "आडनाव कुठं पळून चाललंय? पाय जरा बाजूला घ्या."

पुढं कधीतरी त्यांनी आपणहून सांगितलं, त्यांच्या आजोबांनी बौद्ध धम्म घेतला आणि वडील वालुरात शिक्षक होते. पण त्या सकाळी मी पाय बाजूला घेतले आणि गप्प बसलो. ते गप्प बसणं फार टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या ट्रॉली घेऊन आल्या तेव्हा नामदेवराव पडद्यापलीकडं जागे होते. मी मोठ्यानं म्हणालो, "सिस्टर, तिकीट काढल्याबिगर आत बघायचं न्हाई हां."

"पास आहे माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "वरचेवर येणं-जाणं आहे ना."

नामदेवराव पोट धरून हसले. मीही हसलो. सिस्टरही जराशा हसल्या. मला एकदम हलकं वाटलं. त्या हसण्यात गॉज कधी निघालं ते कळलं नाही, आणि जखमेचा जो वास येत होता तोही अर्धा मिनिट विसरलो. तो वास मला सहन होत नव्हता. माझ्याच अंगाचा, आणि मलाच ओकारी यायची. सिस्टरच्या तोंडाकडं बघायची भीती वाटायची. त्यांनी नाक मुरडलं तर? म्हणून तोंड चालू ठेवायचं. आज हे कळतं. तेव्हा वाटलं, आपण वॉर्डाला हसवतोय, लोक खूश आहेत.

मग रोज एक नवा विनोद सुरू झाला. संध्याकाळच्या सिस्टर वेगळ्या होत्या. त्या ऐकलंच नाही असं करायच्या आणि "खोकू नका, हलू नका" एवढंच म्हणायच्या. त्यांच्यापुढं माझा एकही विनोद चालला नाही, त्याचा मला रागच यायचा. म्हणून सकाळची वाट बघायचो. रात्रीच पुढचं वाक्य जुळवून ठेवायचो.

चौथ्या दिवशी अकरा वाजता डेपोतले दोघंजण भेटायला आले. पडदा ओढलेला होता. ते बाहेर नामदेवरावांशी बोलत उभे राहिले. ऐकणारे वाढले म्हटल्यावर माझ्या अंगात आलं. सिस्टर चिमट्यानं गॉज काढत होत्या. मी आवाज चढवून म्हणालो, "सिस्टर, आमच्या घरच्यांनी बत्तीस वर्षांत बघितलं न्हाई तेवढं तुमी चार दिवसांत बघितलं. आता मला तुमच्याच घरी यावं लागतंय बगा!"

पलीकडून हसू फुटलं.

सिस्टरचे हात थांबले. चिमटा तसाच वर धरलेला, दुसऱ्या हातात ओलं गॉज. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. जखम अर्धी उघडी होती आणि पंख्याचं वारं तिला झोंबत होतं. पलीकडचं हसू हळूहळू बंद झालं. त्या हलल्या नाहीत.

"तुमचं बोलून होऊ द्या काका," त्या म्हणाल्या. "मी थांबते."

ही युक्ती मी लगेच ओळखली, कारण ती माझीच होती. गाडीत एखादा माणूस बायकांना ऐकू जाईल असं काहीबाही बोलायला लागला की मी भांडत नाही. एक घंटी मारतो. एक घंटी म्हणजे थांब. ड्रायव्हर गाडी असेल तिथं उभी करतो, भर उन्हात, माळावर. मी त्या माणसापाशी जाऊन नुसता उभा राहतो. सगळी गाडी थांबते, सगळे त्याच्याकडं बघतात. अर्ध्या मिनिटात तो तरी चुकलं म्हणतो, नाहीतर उतरून जातो. मग दोन घंट्या, गाडी चालू. ही माझी युक्ती मी नव्या कंडक्टरांना मोठ्या ऐटीत शिकवलेली आहे. आता मीच त्या माणसाच्या सीटवर बसलो होतो, आणि मला उतरायचीही सोय नव्हती.

"झालं," मी म्हणालो.

त्यांनी ड्रेसिंग पुरं केलं. हात तितकेच हलके. पडदा सरकवून गेल्या तेव्हा समोर डेपोतले दोघं होते आणि त्यांच्या मागं महानंदा चहाचा थर्मास घेऊन उभी होती. तिनं थर्मास स्टुलावर ठेवला आणि व्हरांड्यात निघून गेली.

त्या दुपारी मी सांगून टाकलं की मला ड्रेसिंगला बाईमाणूस नको, ब्रदर पाठवा. ब्रदर म्हणजे पुरुष नर्स. पन्नाशीचा, कामाला चोख माणूस. तो येऊन ड्रेसिंग करायचा, "दुखतंय का" विचारायचा, मी मुंडी हलवायचो, तो जायचा. मी बोलणंच सोडलं. नामदेवरावांनी दोनदा काही विषय काढून बघितला, मी भिंतीकडं तोंड केलं. महानंदा गोळ्या द्यायची, डबा उघडायची, झाकण लावायची, पण माझ्याकडं बघत नव्हती. आत सगळी तगमग चाललेली. उठून बाहेर जावं, तिला काहीतरी सांगावं, निदान दोन पावलं टाकावीत असं वाटायचं. नळी लावलेला माणूस जाणार कुठं?

पाचव्या दिवशी संध्याकाळी मागच्या बाजूला, बैठकीत, एक नवीन ठणका सुरू झाला. जुन्या जखमेपासून चार बोटं लांब, चादरीवर दाबली जाणारी जागा. रात्रभर ठणकलं. सकाळी जास्त. मला कळत होतं की हे सांगायला पाहिजे. पण सांगायचं म्हणजे परत ती जागा, परत तो विषय, आणि आता मी त्या विषयावर तोंड उघडलं की लोकांना वाटणार, याचं सुरू झालं पुन्हा. ब्रदरनं विचारलं, बरंय का? मी म्हणालो, बरंय.

दुपारी रेखा सिस्टर सलाईन बदलायला आल्या. नाडी बघितली, ताप बघितला, तक्ता चाळला. मी डोळे मिटून घेतले.

"काका, दुखतंय कुठं?"

"न्हाई."

"नवीन काही?"

"न्हाई."

त्या गेल्या. मला सुटल्यासारखं वाटलं. पाच मिनिटांत डॉक्टरांना घेऊनच परत आल्या. "सर, ताप थोडाच आहे, पण नाडी कालपासून चढलीय. आणि हे दोन दिवस एक शब्द बोललेले नाहीत," त्या म्हणाल्या. "हे गप्प बसणारे पेशंट नाहीत."

डॉक्टरांनी विचारलं, कुठं दुखतंय ते सांगा. खरंच सांगतो, ताप होता, ठणका होता, मरणाची भीती होती, आणि मला शब्द सापडत नव्हता. मी म्हणालो, "तिकडं."

"तिकडं म्हणजे?"

मी सिस्टरकडं बघितलं. त्यांनी पडदा ओढला आणि माझ्या उशाशी आल्या. "काका, घड्याळ समजा," त्या म्हणाल्या. "संडासची जागा म्हणजे घड्याळाचा मधला खिळा. वर लघवीच्या बाजूला बारा. खाली माकडहाडाकडं सहा. डावा हात तिकडं तीन. आता सांगा, किती वाजता दुखायलंय?"

सव्वीस वर्षं घड्याळावर काढलेल्या माणसाला हे जमलं. "चार वाजता," मी म्हणालो. "चार ते पाच. कालच्या संध्याकाळपासून. बोट लावलं की जीव जातो."

डॉक्टरांनी चाराच्या जागी दाबलं आणि मी ओरडलो. त्यांनी सिस्टरला काहीतरी इंग्रजीत सांगितलं. मग मला सांगितलं की संसर्ग आतल्या आत मागं सरकला आहे, पू साठला आहे, पुन्हा डिब्राइडमेंट करावं लागेल, आत्ताच. "संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर रक्तात गेलं असतं," ते म्हणाले. त्याला सेप्सिस म्हणतात. संसर्ग रक्तात उतरतो आणि एकेक अवयव बंद पडायला लागतो. "कालच का नाही सांगितलंत?"

मी पंख्याकडं बघत राहिलो.

सहीसाठी महानंदाला बोलावलं. तिनं कागदावर सही केली, सिस्टर स्ट्रेचर आणायला गेल्या, आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा ती माझ्याकडं बघून बोलली. हळू आवाजात, पण एकेक शब्द मोजून. "मला उसण म्हून सांगितलंत. चार दिवस मी तुमच्या कमरेला बाम लावत बसले. माझ्यापासून लपविलंत, आन इथं चार लोकांत माझ्या नावानं हसायलाव. बत्तीस वर्षांत मी बघितलं न्हाई म्हणं. दाखविलंत कधी? तुमी तसेच घरी मेला असता तर मला कशानं मेलात ते पण म्हाईत नसतं."

मी तिचा हात धरायला गेलो, पण माझ्या हाताला सुई होती, आणि तोवर स्ट्रेचर आलं.

त्या दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी मी थांबे म्हटले नाहीत. तिचं बोलणंच कानात होतं. आत नेताना मनात एकच होतं की मागं आलो तर हिला आधी सांगायचं, सगळं, जागेच्या नावासकट.

मागं आलो. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तिसऱ्या दिवशी नाडी जाग्यावर आली. मी ब्रदर नको म्हणालो आणि अकराच्या ड्रेसिंगला रेखा सिस्टरच पाहिजेत असं सांगितलं. त्या आल्या. मी म्हणालो, "सिस्टर, त्या दिवशी चुकलं माझं. लय चुकलं."

"हो, चुकलं होतं," त्या म्हणाल्या आणि गॉज भिजवायला लागल्या.

मला वाटलं होतं त्या म्हणतील, जाऊ द्या काका, असू द्या. तसं काही म्हणाल्या नाहीत, आणि मला ते बरं वाटलं. थोड्या वेळानं मी विचारलं, राग आला होता का. म्हणाल्या, आला होता, घरी जाईपर्यंत होता. "पेशंट बोलतातच काका. कुणी शिव्या देतं. कुणी डोळे मिटून देवाचं नाव घेतं. कुणी तुमच्यासारखं हसवायला बघतं. उघडं पडल्यावर माणसाला काहीतरी बोलावं वाटतं, ते आम्हाला कळतं. पण कळतं म्हणून सगळं ऐकून घेत न्हाई मी. तुमच्या जागी माझा भाऊ असता तरी थांबले असते."

"मग परत कामून आलात बघायला? रागात होतात ना?"

"राग आला म्हणून नाडी बघायची न्हाई का?" त्या म्हणाल्या. "पहिले चार दिवस दुखलं की तुम्ही जास्त बोलायचात. जिथं जास्त बोललात तिथं मी हात हलका करायचे. तुम्ही गप्प झालात आणि मला काही कळंना."

हे ऐकून मी गार झालो. मला वाटत होतं मी त्यांना हसवतोय. त्या माझ्या विनोदावरून जखम कुठं कोवळी आहे ते बघत होत्या.

दवाखान्यात एकूण तेवीस दिवस राहिलो. पाचेक दिवस आणखी ठणका, मग खाज. खाज म्हणजे भरायला लागल्याची खूण, असं डॉक्टर म्हणाले. वरची जखम त्यांनी नंतर शिवून घेतली, मागची तशीच उघडी ठेवली, आतून वर भरत यावी म्हणून. घरी महिना-दीड महिना रोज ड्रेसिंग करायचं होतं. कोण करणार, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा महानंदा म्हणाली, मी करते.

जायच्या आदल्या दिवशी सिस्टरनी तिला पडद्याआड उभं करून शिकवलं. हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे. गॉज आत कोंबायचं नाही, नुसतं अलगद भरायचं. काळपट दिसलं, वास आला, कडेला लाल होऊन सूज चढली किंवा ताप आला तर फोन न करता सरळ गाडीत बसवून आणायचं. घड्याळाचंही सांगितलं. महानंदा सगळं ऐकत होती. घड्याळाचं ऐकून म्हणाली, "मला ते वाजल्याचं कळत न्हाई. त्यांनाच सांगा, सरळ बोला म्हणून."

रेखा सिस्टर माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ऐकलंत का काका?"

ज्यांच्यासाठी मी हे लिहितोय त्यांना दोन-तीन गोष्टी सांगतो. शुगर असेल आणि त्या जागी साधी पुळी जरी आली, तरी मलम आणायला जाऊ नका, डॉक्टरकडं जा आणि कपडे काढून दाखवा. दुखणं पुळीच्या मानानं फार जास्त असेल, सोबत ताप असेल, तर एक दिवससुद्धा थांबू नका. जागेचं नाव घ्या. घेता येत नसेल तर घड्याळ सांगा, बोट दाखवा, कागदावर लिहून द्या. आणि ड्रेसिंग करणारी बाई असो की ब्रदर, त्यांच्याशी बोला, पण दुखतंय ते बोला. बाकीचं तोंडात आलं तर गिळा. मला ते गिळायला चोपन्न वर्षं आणि दोन ऑपरेशनं लागली.

त्या सिस्टरनी माझा जीव वाचवला असं मी सांगतो तेव्हा लोक म्हणतात, डॉक्टरनी वाचवला. डॉक्टरनी कापलं, त्यांचेही उपकार आहेत. पण त्या दुपारी त्यांना माझ्या पलंगाशी कुणी आणलं ते मला माहीत आहे.

घरी आल्यावर पहिलं ड्रेसिंग दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. महानंदानं खोलीचं दार आतून लावलं, खिडकी उघडली, पलंगावर मेणकापड अंथरलं. हात धुवून आली. मी लुंगी वर केली. तिनं बघितलं आणि तोंड फिरवलं. मग पदरात तोंड धरून हसायला लागली, आणि हसता हसता म्हणाली, "ह्या वयात काय काय बघायची पाळी आली बाई माझ्यावर. तुमची आई असती तर म्हणाली असती, सून लय पुढारली."

हातातलं गॉजचं पाकीट तिनं अजून उघडलंच नव्हतं. माझ्या तोंडात उत्तर आलं होतं, चांगलं खमंग, ती खदखदून हसली असती. मी ते सोडून दिलं. तिचं हसू ओसरेपर्यंत थांबलो.

मग म्हणालो, "महानंदा, डाव्या अंडकोषाच्या मागं, संडासच्या जागेच्या जरा बाजूला, तिथं काल रात्रीपासून ओलं लागायलंय. आधी तिथं बघ. मला भ्या वाटायलंय."

बत्तीस वर्षांत मी तिच्यासमोर तो शब्द पहिल्यांदा बोललो होतो. भीती वाटते हेही पहिल्यांदाच.

तिनं पदर खोचला, चष्मा नीट बसवला आणि उजेडाच्या बाजूला सरकली. बराच वेळ बघत राहिली. एकदा बोटानं कडेला हळूच दाबलं आणि विचारलं, हितं दुखायलंय का. मी म्हणालो, न्हाई.

"पाणी हाय नुसतं, पू न्हाई," ती म्हणाली. "आतून लाल दिसायलंय. भरत आलंय."